काळ्या पडद्यावरची ती ओळ कोणाची?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडलेली असली की संगणक सुरू होत नाही आणि ती काढून ठेवली की तोच संगणक बिनबोभाट सुरू होतो, ही तक्रार माझ्या कानावर वारंवार येते. तिच्यावर सांगितला जाणारा उपायही जवळपास ठरलेला असतो : डिस्क खराब झाली आहे, फॉरमॅट मारावी लागेल. हा उपाय कधीकधी लागूही पडतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्याचीच. कारण तक्रार नाहीशी झाल्यावर डिस्क खरोखरच खराब होती अशी सर्वांची खात्री पटते, आणि जी डिस्क पूर्णपणे धडधाकट होती, जिच्यावरची एकूण एक फाइल वाचता येत होती, ती आपण आपल्या हाताने पुसली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फोटो गेले, आवाज गेले, कागदपत्रे गेली, आणि यंत्र मात्र दुरुस्त झाले, असा तो व्यवहार असतो. म्हणून या बिघाडाबद्दल जरा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मिरजेला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंच्या घरी हा प्रकार मला अगदी जवळून पाहायला मिळाला. काका गाण्यातले जाणकार होते. घरी झालेल्या बैठका, शिष्यांच्या शिकवण्या, तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांशी मारलेल्या गप्पा हे सारे त्यांनी कॅसेटवर घेऊन ठेवले होते, आणि निवृत्तीनंतर बसून एकेक कॅसेट संगणकात उतरवून एका एक्स्टर्नल डिस्कवर साठवले होते. ते गेल्यावर कॅसेटना बुरशी लागली. उरली ती डिस्क. तीच जोडलेली असताना एके दिवशी संगणक काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत थांबला : ‘एनटीएलडीआर इज मिसिंग. प्रेस कंट्रोल ऑल्ट डेल टू रीस्टार्ट.’ कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबले की पुन्हा तीच ओळ.

काकूंनी मला बोलावले तेव्हा त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. “अगं, दुकानातला मुलगा म्हणाला, डिस्क गेली, फॉरमॅट मारून देतो. पण ती काढली की सगळं नीट चालतं, आणि नंतर जोडली की हिच्यातली गाणीही वाजतात. मग डिस्क गेली कशी?” संगणक आधी चालू करून मग जोडलेली डिस्क जर व्यवस्थित वाचली जात असेल, तर ती बिघडली आहे असे म्हणायला निदान त्या क्षणी तरी काही आधार नसतो. काकूंनी अर्धे निदान स्वतःच केले होते.

उरलेले निदान त्या एका ओळीत होते. काकूंच्या संगणकावर विंडोज १० होती. एनटीएलडीआर ही विंडोज एनटीच्या घराण्यातली, विंडोज सुरू करून देणारी फाइल आहे आणि तिचा वापर विंडोज एक्सपीपर्यंत होत असे. २००७ साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिची जागा बूटमॅनेजरने घेतली. म्हणजे विंडोज १० असलेल्या संगणकाला एनटीएलडीआर नावाच्या फाइलची गरजच नाही. त्याने ती मागितलीच नसेल, तर ती हरवली असे सांगणारे दुसरे कोणीतरी असले पाहिजे, आणि त्या घरात एक्सपीच्या काळात तयार झालेली एकच वस्तू शिल्लक होती : काकांची डिस्क.

हे समजून घ्यायचे तर काकूंच्या संगणकासारखा जुन्या पद्धतीचा संगणक सुरू होताना नेमके काय करतो ते पाहावे लागते. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरच्या, चिपमध्ये बसलेला बायोस हा छोटा प्रोग्राम आधी मेमरी, कीबोर्ड वगैरे जागेवर आहेत की नाही ते तपासतो. त्यानंतर त्याच्यापाशी एक यादी असते. विंडोज कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते; यादीतल्या पहिल्या साधनाचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, तो मेमरीत उचलून घेतो आणि त्या सेक्टरच्या शेवटी ५५ आणि एए ही दोन बाइटची ठरलेली खूण आहे का, एवढेच बघतो. खूण असली की तो कारभार त्या सेक्टरमधल्या प्रोग्रामच्या हवाली करतो. तो प्रोग्राम डिस्कवरच्या चार नोंदींच्या तक्त्यातून ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी खूण केलेले पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक स्वतंत्र कप्पा, शोधतो, त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर उचलतो आणि कारभार पुढे त्याच्याकडे देतो. ही मांडणी १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क घराघरांतल्या संगणकात येऊ लागली तेव्हापासूनची आहे.

यात गोम अशी, की साध्या साठवणुकीसाठी तयार केलेल्या डिस्कवरही ती ५५ एएची खूण असतेच. एक्सपीने एखादे पार्टिशन एनटीएफएस या विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केले, की त्याच्या आरंभी एनटीएलडीआर शोधणारा प्रोग्रामही आपोआप लिहिला जातो, मग त्या पार्टिशनवर विंडोज असो की भैरवीच्या बैठका असोत. त्यातच काकांच्या डिस्कवरचे ते पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह म्हणून नोंदलेले होते. त्यामुळे बायोसने यादीत ती डिस्क आधी पाहिली आणि तिच्याकडे कारभार सोपवला; तिच्यातला जुना प्रोग्राम जागा झाला, त्याने आपली फाइल शोधली, ती तिथे कधीच नव्हती, म्हणून त्याने आपली ठरलेली ओळ पडद्यावर लिहिली आणि तो थांबला. शेजारच्या आतल्या डिस्कवर विंडोज १० सुखरूप होती, पण तिच्यापर्यंत पाळीच आली नाही.

हा तर्क मी काकूंना प्रत्यक्ष दाखवला. संगणक डिस्कविना सुरू केला, मग डिस्क जोडली आणि सेक्टर जसाच्या तसा दाखवणाऱ्या, फक्त वाचणाऱ्या एका प्रोग्राममध्ये त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर उघडला. डावीकडे आकड्यांच्या जोड्यांच्या रांगा आणि उजवीकडे त्यांची अक्षरे असा तो पडदा असतो. बहुतेक अक्षरे निरर्थक, ठिपके आणि चिन्हे. पण खालच्या भागात ‘ए डिस्क रीड एरर ऑकर्ड’, ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’, ‘एनटीएलडीआर इज कंप्रेस्ड’ आणि ‘प्रेस कंट्रोल ऑल्ट डेल टू रीस्टार्ट’ ही वाक्ये सलग लिहिलेली दिसतात, आणि अगदी शेवटी ५५ एए. काकूंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. त्यांना घाबरवणारे ते वाक्य संगणकाचे नव्हतेच. ते त्या डिस्कमध्येच इतकी वर्षे मुकाट्याने बसून होते.

मग प्रश्न उरतो तो, आताच का? डिस्क तीच, संगणक तोच, दोन्ही कितीतरी वर्षे एकत्र नांदत होते. इथे काकूंच्या दुसऱ्या तक्रारीने वाट दाखवली, जी त्यांनी दुकानात सांगितलीच नव्हती, कारण या दोन गोष्टींचा संबंध असेल असे त्यांना वाटण्याचे काहीच कारण नव्हते. “ते एक राहू दे,” त्या म्हणाल्या, “पण हल्ली रोज सकाळी चालू करताना एफ-वन दाबावं लागतं, आणि बँकेची साइट उघडत नाही. तारीख भलतीच दिसते, ती हाताने बदलली की उघडते.” मी विचारले, रात्री संगणक बंद केल्यावर भिंतीवरचे बटणही बंद करता का? “करते की. हे होते तेव्हापासूनची सवय आहे.”

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. त्याच्या नावातच त्याचे माप आहे. संगणकाचे घड्याळ आणि, त्या पिढीच्या मदरबोर्डांवर, बायोसच्या सगळ्या आवडीनिवडी तो जपतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तोवर पॉवर सप्लायमधून थोडासा प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो आणि घड्याळ त्याच्यावर चालते. बटण बंद केले, किंवा लाइट गेली, की सगळा भार त्या सेलवर येतो. आपल्याकडे रात्री बटणे बंद करण्याची चांगली सवय आहे आणि ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तिच्यामुळे हा सेल लवकर उतरतो एवढे ठाऊक असावे. सेल उतरला की घड्याळ मागे जाते, जुन्या तारखेमुळे ब्राउझरला बँकेच्या साइटचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते, बायोस एफ-वन दाबायला लावतो, आणि काकांनी कधीतरी नीट लावून ठेवलेला साधनांचा क्रम पुसला जाऊन कारखान्यातून आलेला मूळ क्रम परत लागतो. काकूंच्या संगणकात त्या मूळ क्रमात यूएसबीवरच्या डिस्कची पाळी आधी होती. एका किरकोळ सेलच्या उतरण्यातून निघालेला धागा असा काकांच्या बैठकींच्या गळ्याशी आला होता.

काढता येणाऱ्या साधनाला पहिली पाळी देण्यामागे शहाणपण आहे, हेही सांगायला हवे. आतल्या डिस्कवरची विंडोज कोलमडली तर बाहेरून काहीतरी लावून संगणक सुरू करता आला पाहिजे, नव्या संगणकावर विंडोज टाकता आली पाहिजे, म्हणून ही सोय. फ्लॉपीच्या काळात ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरून संगणक चालू केला की ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ अशी ओळ येत असे; ज्यांनी तो काळ पाहिला आहे ते फ्लॉपी काढून कोणतेही बटण दाबत आणि पुढे जात. फ्लॉपी फॉरमॅट करावी असे तेव्हा कोणी म्हणत नसे. आजच्या डिस्कच्या बाबतीतही गोष्ट तीच आहे, फक्त पणाला लागलेला ऐवज हजारो पटींनी मोठा आहे.

कामाचा क्रम मी काकूंना आधीच सांगून टाकला होता : सेल नंतर, बायोस नंतर, सर्वांत आधी प्रत. डिस्क चालू संगणकाला जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तिची प्रकृती पाहिली. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्यातल्या दोन ओळींकडे माझे डोळे आधी जातात : खराब झाल्यामुळे बदलून घेतलेल्या सेक्टरांची संख्या, आणि वाचता न आल्याने निर्णयासाठी ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची संख्या. दोन्हीकडे शून्य होते. मग नवी डिस्क आणून सगळे फोल्डर तिच्यावर उतरवले, मधल्या काही फाइली उघडून ऐकल्या, आणि त्यानंतरच संगणकाचा डबा उघडला.

सेल बदलणे हे नखाने करण्याचे काम आहे. भिंतीवरचे बटण बंद करावे, केबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा सेल बसवावा. बायोसमधले काम मात्र अनेकांना चकवते. तिथे बूट ऑर्डरच्या, म्हणजे कोणत्या साधनाची पाळी आधी हे ठरवणाऱ्या, यादीत ‘हार्ड डिस्क’ आधी असे लावले की काम झाले असे वाटते. परंतु अनेक जुन्या बायोसांच्या लेखी यूएसबीवरची मोठी डिस्क हीदेखील हार्ड डिस्कच असते आणि हार्ड डिस्कांचा आपापसातला क्रम दुसऱ्याच पानावर, वेगळ्या पोटयादीत असतो. शिवाय त्या पोटयादीत बाहेरची डिस्क दिसते ती जोडलेली असतानाच. म्हणून हे काम डिस्क जोडून करायचे, पोटयादी उघडायची, आतल्या डिस्कला वर न्यायचे आणि जतन करून बाहेर पडायचे. हे एक पान ठाऊक नसल्यामुळे ‘मी क्रम बदलला तरी तसेच होते, म्हणजे डिस्कच बिघडली’ या निष्कर्षाला पोचलेली माणसे मी पाहिली आहेत.

त्या पार्टिशनवरची अ‍ॅक्टिव्ह ही खूणही मी काढली. विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनात डिस्क निवडून, पार्टिशन निवडून ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ एवढा शब्द दिला की ती खूण जाते आणि फाइलींना धक्का लागत नाही. पण हे साधन मी कोणालाही फोनवरून वापरायला सांगत नाही. त्याच्यातच ‘क्लीन’ नावाची आज्ञा आहे, ती निवडलेल्या डिस्कचा पार्टिशनचा तक्ताच पुसते, आणि डिस्क निवडताना शून्याऐवजी एक किंवा एकाऐवजी शून्य असे झाले तर विचारणा न करता पुसते.

काळ्या पडद्यावर काही ओळ उमटली तर ते भाग्यच म्हणायचे; तिच्यावरून माग काढता येतो. कंपनीचे चिन्ह पडद्यावर येऊन संगणक तिथेच हँग होतो आणि काहीच लिहीत नाही, तेव्हा कारणे वेगळी असतात. छोट्या, वेगळा चार्जर नसलेल्या डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला जवळजवळ एक अँपिअर प्रवाह लागू शकतो. यूएसबी २ चे पोर्ट ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ चे ९००. त्यात केबिनेटच्या पुढच्या पोर्टाला आतून लांब आणि बारीक वायर गेलेली असते. डिस्क फिरू पाहते, विजेचा दाब उतरतो, ती थांबते, पुन्हा प्रयत्न करते आणि बायोस तिच्या उत्तराची वाट पाहत बसतो. अशा वेळी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला, आखूड केबलने जोडून पाहावे. केबल बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत शेवटी केला जातो याचे मला नेहमी वाईट वाटते. काही जुन्या बायोसांना मोठ्या क्षमतेच्या डिस्क समजतच नाहीत. चार नोंदींचा तो जुना तक्ता ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या हिशोबाने २ टेराबाइटच्या आसपास संपतो, त्यापुढच्या डिस्कना जीपीटी हा नवा तक्ता लागतो, आणि तो पाहून गोंधळणारे बायोस अजून अनेक कचेऱ्यांत कामावर आहेत. तिथे बायोसमधला ‘लेगसी यूएसबी’ हा पर्याय बंद करून पाहता येतो. मात्र मग विंडोज सुरू होईपर्यंत यूएसबीचा कीबोर्डही चालेनासा होऊ शकतो, हे आधी लक्षात घ्यावे.

आणि कधीकधी डिस्क खरोखरच मरणपंथाला लागलेली असते. तेव्हा खुणा निराळ्या असतात. बायोसचा टप्पा पार पडतो, विंडोजची गोल फिरणारी टिंबे येतात आणि तिथे मिनिटेच्या मिनिटे जातात. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्, टक् असा आवाज येतो. चालू संगणकाला जोडली तरी फोल्डर उघडताना सगळेच अडते. ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांचा आकडा शून्यावर नसतो आणि उद्या बघितला तर वाढलेला असतो. अशा डिस्कवर विंडोज आपणहून चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवायला निघते. लाइट गेली आणि डिस्क नीट बंद झाली नाही, एवढ्यावरच ती अशी निघते, त्यामुळे चेकडिस्क आली म्हणजे डिस्क मेली असे नाही. परंतु आवाज करणाऱ्या, आकडे वाढणाऱ्या डिस्कवर ती चालू देऊ नये. चेकडिस्कचे काम फाइलींची व्यवस्था सुसंगत करणे हे आहे, फाइली वाचवणे हे नव्हे. जे वाचता येत नाही त्याच्या नोंदी ती तोडून टाकते आणि उरलेले तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये भरते. दुखऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन मला सर्वांत विवेकी वाटते. ते अडलेल्या जागी डोके आपटत बसत नाही. सहज वाचता येते ते सगळे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवते, अवघड जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे परत येते. टक् टक् आवाज येत असेल तर मात्र तेही करू नये. डिस्क काढावी, पुन्हा जोडून पाहू नये, आणि ऐवज मोलाचा असेल तर डिस्क स्वच्छ खोलीत उघडून डेटा काढून देणाऱ्यांकडे न्यावी.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती नव्या संगणकांवरही भेटते. विंडोज टाकताना बाहेरची किंवा दुसरी डिस्क जोडलेली राहिली, तर विंडोज आतल्या डिस्कवर बसते आणि तिला सुरू करून देणारा भाग कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतो. काही महिने कळतही नाही. मग कोणीतरी ती डिस्क घेऊन गावाला जाते आणि घरातला संगणक सुरू होत नाही. लिनक्सवर याचा भाऊबंद असा, की बाहेरच्या डिस्कची नोंद एफएसटॅब या फाइलमध्ये कायमची केलेली असते, डिस्क नसली की संगणक तिची दीड मिनिट वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर जाऊन थांबतो; त्या नोंदीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातला की तो तिच्यावाचून पुढे जातो. विंडोज टाकणाऱ्याला आधी बाकीच्या सगळ्या डिस्क काढायला सांगावे, आणि त्याने काढल्या की नाही ते आपण उभे राहून पाहावे.

काकूंचा संगणक आता डिस्क जोडलेली असतानाही सुरू होतो, तारीख बरोबर दाखवतो आणि एफ-वन मागत नाही. तरीही काकांची ती डिस्क रोजच्या वापरातून काढून टाकावी असे मी त्यांना सांगितले, कारण आकडे शून्य असले तरी तिचे वय झाले आहे आणि फिरणाऱ्या तबकडीला आयुष्य असते. रोज ऐकण्यासाठी नवी डिस्क आहे. आणखी एक प्रत त्यांची मुलगी पुण्याला घेऊन गेली आहे, आणि फोल्डरांना नुसत्या तारखा असल्याने कोणत्या बैठकीत कोण गायले, तंबोऱ्यावर कोण होते, हे काकू आता तिला फोनवरून एकेक करून सांगत आहेत. ती ते फाइलींच्या नावांत भरत आहे.